गुंजी धानाची रिकामी चौकट

“आंधी दाणा पाय बाई, मंग बोल.”

गोंदियाच्या आमच्या गल्लीत तुम्ही कधी आला असाल, तर हे वाक्य तुमच्याही कानावर पडलं असेल. बोलणारे काकाजी उभा जन्म राईस मिलमध्ये धान पारखत होते. चिमूटभर धान तळहातावर घ्यायचं, अंगठ्यानं चोळायचं, फुंकर मारायची आणि मग समोरच्याकडे मान वर करून पाहायचं. तेवढ्यात माणूसही पारखून व्हायचा.

माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. निवृत्त झाल्यावर ते हयातीच्या दाखल्यासाठी आले. अंगठा लावून झाला, तरी उठेनात.

“या नेटवर आपलं सोताचं पान बनते का? जुन्या धानाचं?”

“बनतं की. फोटो नेटवरून घेऊ.”

“दुसऱ्याचा दाणा कायले? माह्याजवळ हाये ना.”

दुसऱ्या दिवशी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी आली. प्रत्येकीत जुन्या धानाचा एक वाण: हिरानक्खी, लुचई, चिन्नोर, दुबराज. सोबत चित्रकलेची वही. एकेक दाणा वीतभर मोठा, रंगीत पेन्सिलीनं काढलेला. मी स्कॅन केला, तर काकाजींनी बाटली स्क्रीनला टेकवली. “हा हिरानक्खी नोहे. याले कावीळ झाली.”

मग ते स्वतःच माउसनं काढायला शिकले. माउस टेबलाच्या कडेला गेला, की म्हणायचे, “बांध संपला वो बाई.” पहिल्या दाण्याला चार दिवस लागले. तयार नक्षी त्यांना चालेना, म्हणून पानाभोवती लोंब्यांची किनार काढली. ‘होम’च्या जागी धान साठवायची ढोली काढली आणि खाली लिहिलं, ‘घरी’. मला वाटायचं, सगळे दाणे सारखेच. तसं मी म्हणाले, तेव्हा काकाजींनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

एक चौकट मात्र रिकामीच होती. खाली नाव होतं, ‘गुंजी’. काकींनी लग्नानंतर माहेराहून हे बी आणलं होतं. त्या होत्या तोवर घरच्या तुकड्यात दरसाल पेरत. त्या गेल्या, मग तुकडाही गेला. एकाही बाटलीत गुंजीचा दाणा नव्हता. काकाजी आठवून आठवून काढायचे, तांबडं टरफल, मग आणखी गडद तांबडं. पाहायचे आणि पुसायचे.

“काकाजी, कोणाला कळणार आहे?” मी एकदा म्हटलं.

“तिले कळन ना.”

मी पुढचा फॉर्म भरायला घेतला.

पान सुरू झालं. फारसं कोणी पाहत नव्हतं. आणि एक दिवस प्रतापगडाकडच्या एका गावातून निरोप आला. एका म्हातारीच्या नातीनं लिहिला होता: ‘आमच्या आजीकडे गुंजी आहे.’

आम्ही बसनं गेलो. काकाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. म्हातारीनं आढ्याला बांधलेली लोंब्यांची जुडी सोडली आणि एक लोंबी त्यांच्या हातावर ठेवली.

टरफल फिकट होतं, वाळल्या पेंढ्यासारखं. तांबडं कुठेच नव्हतं.

“हे गुंजी?”

“गुंजीच आय. सोलून पाय ना गा.”

त्यांनी नखानं एक दाणा सोलला. आत तांबूस तांदूळ. काकाजी खाली ओसरीवरच बसले.

“मिलमध्ये दुनियेचं धान पायलं बाई,” ते म्हणाले, “आन् घरचं नाही पायलं. पेरे ती, कापे ती, कांडे ती. मी फक्त भात खाल्ला. भात लाल होता, तेवढंच ध्यानात रायलं.”

म्हातारीनं त्यांच्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला आणि आत निघून गेली.

गुंजीचं चित्र त्यांनी एका बैठकीत काढलं. एकदाही पुसलं नाही. त्यानंतर ते दुकानात आलेच नाहीत. आजारी असतील म्हणून मी घरी गेले, तर अंगणात निवांत बसलेले.

“काऊन येत नाही, काकाजी?”

“झालं ना बाई काम. आता कायले येऊ?”

मला राग आला होता, हे आज कबूल करते. चहा न घेताच निघाले. पुढे मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. ते वारल्याचं मला फोनवरून कळलं, तेही आठ दिवसांनी.

पान अजून आहे, मी ते चालू ठेवलंय. त्यावर त्यांचं नाव नाही, त्यांनी टाकू दिलं नाही. मागच्या आठवड्यात कॉलेजातल्या एका मुलीनं पानावर विचारलं, ‘ही चित्रं कोणी काढली? त्यांना भेटायला गोंदियाला आले, तर भेटतील का?’

‘या,’ एवढंच लिहून मी थांबले. दुकानात तीन माणसं खोळंबली होती. शेवटी पुढे लिहिलं, ‘ते नाहीत. पण तुम्ही या.’