माहिती मुरबाडला जाते

जाहीर निवेदन. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या तमाम उपवर मुली, उपवर मुलगे, त्यांचे आईबाप, मामा आणि विचारलं नसताना मत देणारे आत्याचे यजमान यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की तुमची उंची, शिक्षण, रास आणि चष्म्याचा नंबर कोणाकोणाच्या डोळ्यांखालून गेला, हे आजपर्यंत कोणालाही पूर्णपणे समजलेलं नाही. मला तर मुळीच नाही, आणि मी त्या खोलीत हजर होतो.

खोली माझ्या मावशीची, शहापुरातली. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर मावशीनं घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक केंद्र काढलं. सगळा तालुका तिला बाई म्हणायचा. नव्वदच्या दशकात केंद्र म्हणजे एक लोखंडी कपाट आणि मावशीच्या कमरेची किल्ली. माहिती कुठे आहे? कपाटात. कोणी पाहिली? बाईंनी. विषय संपला.

मग दोन हजार साल उलटलं आणि कल्याणहून एक सॉफ्टवेअरवाला आला. मे महिन्यात, टाय लावून. त्यानं कॉम्प्युटर बसवला, कपाटाकडे दयेनं पाहिलं आणि करार पुढे केला. मावशीनं शाळेची वही तपासावी तसा तो वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ग्राहकांची माहिती आमच्याकडे व आमच्या सहयोगींकडे सुरक्षित राहील, अशी ती ओळ होती.

"हे सहयोगी कोण?"

"आहेत आमची माणसं, बाई. बदलली तर तुम्हाला कळवू."

"अरे, आत्ता कोण आहेत तेच मला ठाऊक नाही. बदलली ती ओळखू कशी?"

त्यानं पाणी मागितलं. मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. मावशीनं सही केली.

काही महिन्यांनी सापगावचे एक काका तणतणत आले. घरची भातशेती, शिवाय कारखान्यात नोकरी, एरवी मवाळ माणूस. त्यांच्या मुलीचं मुरबाडकडच्या एका घरी जुळत आलं होतं. येत्या रविवारी ते लोक तिला बघायला येणार होते. काकांनी खुर्ची नाकारली.

"बाई, पोरीचा आधीचा साखरपुडा मोडला, ही गोष्ट तुमाला सोडून मी कुणाला बोललो काय?"

"नाही. मलाच बोललात."

"मंग काल मुरबाडच्या बाजारात कापडवाला मला विचारतो, पयलं स्थळ का मोडलं हो? कापडवाला! त्याच्या कानात कोण बोलला?"

मावशीचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. साखरपुडा मोडण्यात मुलीचा काडीचा दोष नव्हता. पलीकडच्यांनीच शब्द फिरवला होता. तरी अशी गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून पोचली, की पाहुणे काही न बोलता येणंच बंद करतात. काकांना हे स्थळ हातचं जाण्याची भीती होती. आणि मावशीनं ती गोष्ट आपल्या लक्षात राहावी म्हणून माहितीच्या कागदावर 'इतर' या रकान्यात लिहून ठेवली होती.

सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत काका उभेच होते. या वेळी टाय नव्हता.

"बाई, तुमचे कागद आम्ही टायपिंगला बाहेर देतो. सगळेच देतात."

"कोणाला देतोस?"

"एक पार्टी आहे."

"पार्टीला हातपाय असतील की रे. कुठे बसते?"

"कॉम्प्युटर क्लास आहे हो. तिथल्या मुली टाइप करतात. आणि बाई, तुमच्यासाठी मुद्दाम शहापुरात नाही दिलं. इथे सगळे एकमेकांना ओळखणार. म्हणून चांगलं लांब दिलं."

"लांब म्हणजे?"

"मुरबाडला," तो अभिमानानं म्हणाला. "भर बाजारात क्लास आहे, कापडाच्या दुकानाच्या वर."

नाकारलेल्या खुर्चीत काका आपसूक बसले.

आता कल्याणहून पाहिलं तर मुरबाड दुसरा तालुका, दुसरा रस्ता, दुसरी एस्टी. पण आमच्याकडच्या मुली द्यायच्या मुरबाडला आणि सुना आणायच्या मुरबाडहून, हे त्या बिचाऱ्याच्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार?

"बाळा," मावशी म्हणाली, "मुरबाड लांब नसतं. ते व्याह्यांचं घर आहे. आमच्या पोरींच्या गोष्टी तू थेट सासूच्या मांडीवर नेऊन ठेवल्यास. पुढे कुठे जातं, तेही सांगून टाक."

त्यानं सांगायला सुरुवात केली आणि आमचं होतं नव्हतं ते समजणंही गेलं. फोटो उल्हासनगरला जायचे. उरलेल्या सगळ्याची एक जादा सीडी कल्याणला त्याच्या मेव्हण्याकडे असायची.

"मेव्हणा कॉम्प्युटरमधलाच का?" मी जाणकारासारखं विचारलं.

"नाही, त्याचं चपलांचं दुकान आहे. माळा मोठा आहे."

काकांनी बोटांवर हिशेब मांडला. "टाइप मुरबाडच्या पोरी करतात, फोटो उल्हासनगरवाले करतात, ठेवतो मेव्हणा. मंग तुमी काय करता हो?"

"आम्ही सॉफ्टवेअर देतो," तो म्हणाला, आणि मला वाटतं, त्यालाही ते तेव्हाच पहिल्यांदा विचित्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं दारावर फळा टांगला. 'येथे दिलेली माहिती मुरबाडला टायपिंगला, उल्हासनगरला फोटोसाठी व कल्याणला चपलांच्या दुकानात जाते. पटत असल्यास आत यावे.' मी मनातल्या मनात केंद्राच्या फोटोला हार घातला. तेवढ्यात शेणवे गावची एक बाई फळा वाचून घाईघाईनं आत आली.

"मुरबाडला आपोआप जाते नं, बाई? मंग आमच्या पोराचीबी घ्या. आमाला तिकडचीच सून पायजे!"

तिच्यामागे आणखी लोक आले. रागवावं की खुर्च्या मांडाव्यात, हे मावशीला कळेना. मला तर फळा हा इशारा होता की जाहिरात, हेच कळेना.

काकांना मात्र तिनं एकच सल्ला दिला. "त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून."

रविवारी मावशी आणि मीही सापगावला गेलो. मुलगा, त्याची आई, मामा आणि धाकटी बहीण असे पाहुणे होते. त्यांना कळलंय की नाही, याचा काही अंदाज येत नव्हता. मामांचा चेहरा तर मुळातच कळल्यासारखा होता. पोहे आले. काका शोकसभेला उठावं तसे उठले.

"एक गोष्ट सांगायची राहिली," ते म्हणाले, आणि साखरपुड्याची हकीकत एका दमात, भिंतीकडे बघत, सांगून टाकली. मुलगी दारात उंबऱ्याकडे बघत उभी होती. मामांचा घास हवेतच थांबला. आईनं मुलाकडे पाहिलं. मुलानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीच्या तोंडात पोहे होते, ते तिनं कसेबसे गिळले आणि ती ओरडलीच,

"अवो काका, ते आमाला कवाचं माहीत हाय! क्लासात मीच नाय का टाइप केलं? तवाच घरी येऊन बोलले, दादा, वयनी घावली!"