वीस केबीचा स्पीड

बजाजनगरात आमच्या शेजारी एक लेथ ऑपरेटर राहतात. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी ते चष्मा पुसतात. मध्यंतरी त्यांनी रेडिओदुरुस्तीच्या जुन्या पुस्तकांचा मोठा गठ्ठा टोरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाईली घेतात तिथून, डाउनलोडला लावला, तोही ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरून. तिथं फाईल अनोळखी कॉम्प्युटरांतून फिरत येते, म्हणून स्पीड सेकंदाला जेमतेम वीस केबी.

मी म्हणालो, "काका, साध्या नेटवरून घ्या. अर्ध्या तासात येईल."

"तिथं कुणापाशीच नाय. इथं एकाजवळ हाय."

बारा दिवसांनी पुस्तकं आली, तरी कॉम्प्युटर चालूच. त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याला घरचे सगळे बिडकीनला गेले. लाईट गेली तर परत चालू कोण करणार, म्हणून काका घरीच थांबले.

"आता कशाला?" मी विचारलं.

"आता एक जण माझ्याकडून घेतोय. चाळीस टक्के झालं त्याचं."

"कोण आहे?"

"काय ठाऊक. नावच दिसत नाय."

"मग साखरपुडा सोडलात कुणासाठी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला बी तेच कळंना. पण माझ्यासाठी बी कुणी बारा दिवस थांबलंच की."

काकू परतल्यावर आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकूंचं मला पटतं. अडचण अशी की काकांचंही पटतं.