बिनआवाजाचा कॅमेरा

दुकानाची पायरी चढतानाच मामींचे पाय भरून आले. सकाळपासूनचं हे तिसरं दुकान. मामांना पक्ष्यांच्या फोटोंसाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी होती, चांगली हातभर लांब. "लांबून टिपलं की पाखरू बुजत नाही," हे पालुपद ऐकून ऐकून मामींचं डोकं भणभणायला लागलं होतं.

आणि ते धूड वाहणार कोण? मामीच! आजवर स्टँड, घडीचं स्टूल, चहाचा थर्मास सगळं त्यांच्याच खांद्यावर. मामा आपले गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे, साहेबासारखे.

गल्लीत सगळे त्यांना मामा-मामीच म्हणायचे. मामांचा जन्म गेला पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात. तिथे त्यांच्या कानांचा दरारा होता. कुठल्या मशीनचं बेअरिंग जातंय ते दारातूनच ओळखायचे, आणि मेकॅनिक बापडा उघडून बघतो तर खरंच गेलेलं. निवृत्त झाल्यावर त्याच कानांनी त्यांना पाखरांचं वेड लावलं. पक्षी दिसायच्या आधी मामा त्याचं नाव सांगून मोकळे.

पण त्या मेल्या मशिनींनीच ते कान आतून पोखरून ठेवले होते; पुढे हळूहळू ऐकू येईनासं झालं. शेजाऱ्यांना ठाऊक, कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त मामांना. "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात," अशी त्यांची तक्रार असायची. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, सांगून टाक ना बाबांना एकदाचं." मामी म्हणायच्या, "तूच सांग की, तुझे लाडके ना ते?" मग दोघीही विषय बदलायच्या. ज्या माणसाला आपल्या कानांचा एवढा अभिमान, त्याला हे सांगायचं तरी कसं? त्यापेक्षा एकच वाक्य तीनतीनदा बोललेलं परवडलं. पण त्या तीनतीनदा बोलण्यानं मामी आतून पार थकून गेल्या होत्या.

आता भानगड अशी, की वीटभट्टीमागच्या तळ्यावर एक खंड्या यायचा. मामा दबा धरून बसायचे, बटण दाबायचे, कॅमेरा 'खटाक' करायचा, की खंड्या पसार! त्या आवाजानं मामी स्वतः दचकायच्या. मामा मात्र हळहळायचे, "बघितलंस? लेन्स तोकडी पडते."

म्हणून मामींनी मनाशी एक बेत केला होता. मामा काचेच्या कपाटातल्या लेन्स न्याहाळताहेत असं बघून त्या दुकानदाराच्या कानाशी लागल्या. "अहो, आवाज न करणारा कॅमेरा असतो म्हणे. तो मारा ह्यांच्या गळ्यात. लेन्सचं नावच काढू नका." आवाज गेला की खंड्या बसेल, खंड्या बसला की मामा खूश, आणि ती कानांची गोष्ट कधी बोलावीच लागणार नाही.

दुकानदार भला माणूस, पण उत्साह जरा जास्तच. "काका, लेन्स ठीक आहे तुमची," तो मोठ्यानं म्हणाला. "घोळ आवाजाचा आहे. हे ऐका." त्यानं मामांचा कॅमेरा उचलून बटण दाबलं. खटाक! शेजारच्या गिऱ्हाइकानं मान वळवली. मग त्यानं नवा कॅमेरा दाबला. हूं की चूं नाही. "कळला फरक?"

"कसला फरक?" मामा म्हणाले. "तुमचाही गप्प, माझाही गप्प."

दुकानदाराला वाटलं, काका गंमत करताहेत. त्यानं जुना कॅमेरा त्यांच्या कानाजवळ नेऊन पुन्हा दाबला. मामांचा चेहरा लालबुंद झाला. "मला काय खुळा समजता? जन्मभर मशिनी ऐकल्यात मी! दोन्ही सारखेच आहेत. नवा खपवायला काहीही सांगाल!"

दुकानदार मामींकडे बघायला लागला. 'अहो, रस्त्यावर गोंगाट केवढा आहे, चला घरी,' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. अशा थापा त्यांना तोंडपाठ होत्या. पण आज आणखी एक थाप मारायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"काय?"

"ऐकू येत नाही तुम्हाला."

"अगं, मोठ्यानं बोल की! काय पुटपुटतेस?"

घरात शेजारी बसून, हात हातात घेऊन सांगायची गोष्ट मामी परक्या लोकांसमोर ओरडल्या. "तुम्हाला ऐकू येत नाही हो! कॅमेऱ्याच्या आवाजानं उडतो तो खंड्या!"

मामांनी आपला कॅमेरा हातात घेतला, दुसऱ्या हाताची बोटं त्याच्यावर टेकवली आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग नव्यावर बोटं टेकवून तेच केलं. मशीनवरचा माणूस तो, हाताला फरक लगेच कळला. त्यांनी दोन्ही कॅमेरे अलगद खाली ठेवले.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली" अशा अर्थानं मामींनी नुसता हात हलवला. मामा भडकले असते, चार शब्द लावून बोलले असते, तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. पण मामा गपकन खुर्चीत बसले.

"मला वाटत होतं," ते म्हणाले, "तळ्यावरची पाखरंच आताशा बोलेनाशी झालीत."

मामींना रडू आवरेना. "बोलतात हो," त्या म्हणाल्या. "रोज बोलतात."

मामा त्यांच्या ओठांकडे बघत होते.