दिवाणखान्यावरची टाकी

१४ मे. दिवाणखान्याच्या भिंतीवरचं सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावायचा होता. छावणीतला हा इंग्रजांच्या काळातला बंगला घेतल्यापासून मी एकेक खोली मूळ रूपात आणते आहे. पोपडा पडला आणि भिंतीत रोवलेलं सागवानी तुळईचं टोक दिसलं. वाळवीनं ते पोखरलं होतं. तेवढ्यात तुळई करकरली.

"बाई, वर काय हाय?" मिस्त्रीनं विचारलं.

वर पाण्याची टाकी होती, कालच काठोकाठ भरलेली.

"आधी पाणी सोडा. त्याबिगर मी टेकू लावायला खाली उभा राहणार नाय."

"अगं, आता आठवडाभर नळ नाही," नवरा म्हणाला. "निम्मी तरी ठेव!"

"छत राहिलं तर अंघोळीचं बघू."

मी टाकीचा अंगणातला नळ पूर्ण सोडला. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन धावल्या. "भाभी, लॉटरी लागली का?" एकीनं विचारलं. माझे कान तुळईकडे होते. टाकी रिकामी झाल्यावरच मिस्त्री आत गेला. लोखंडी टेकूंनी तुळई धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीकडून बादलीभर पाणी आणलं, अर्धं नवऱ्याला दिलं आणि नवी तुळई बघायला लाकडाच्या वखारीत गेले.