खालची टोपी, वरची दाढ

दातांच्या डॉक्टरपुढे माणूस तोंड उघडून बसतो, पण त्याला बोलता येत नाही. मग उठल्यावर सगळं साठलेलं एकदम बोलतो. त्यामुळे लोणावळ्याच्या माझ्या दवाखान्यात औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठले. त्यातले हे स्टीलच्या टोप्यांचे.

सत्तर सालच्या आसपास लहान मुलांच्या किडलेल्या दाढांवर मी स्टीलची टोपी बसवू लागले. आमच्याकडे तेव्हा ती नवलाईच होती. पहिली टोपी वडिवळ्याच्या शालनची. सहा वर्षांची पोर, खालची दुधाची दाढ किडलेली. तिचे वडील बबनराव रेल्वेच्या लायनीवर कामाला. मी त्यांना म्हटलं, "दाढेला टोपी घालावी लागेल."

बबनराव शांतपणे म्हणाले, "घाला की. आमाला आजवर लय जणांनी टोपी घातली. सांगून घालणाऱ्या तुमीच पयल्या."

*

टोपी छान बसली, पण शालनच्या आईचं, हिराबाईंचं लक्ष वरच्या दाढेवर. "बाई, खाली ह्ये पोलाद आन् वर दुधाची दाढ. चावून चावून वरची झिजंल का न्हाई?"

"झिजू नये," मी म्हटलं.

'झिजू नये' आणि 'झिजत नाही' यातला फरक त्यांना बरोबर कळला. त्या पोरीला घेऊन गेल्या. पुण्याला जाऊन मी आमच्या डेंटल कॉलेजच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "बघत राहा." म्हणजे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं! वरची दाढ सपाट झाली असती, तर पोरीचं चावणं गेलं असतं, आणि मावळात पुन्हा कुणी मला पोरांच्या दाढेला हात लावू दिला नसता.

*

हवापालटाला बंगल्यावर आलेल्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. सोबत सासूबाई आणि नवरा. स्टील दिसतं, म्हणून त्यांना पांढरी, चिनी मातीची टोपी हवी होती. मी सांगितलं, ती फार कडक, समोरची दाढ कानशीसारखी घासून काढेल. तर म्हणाल्या, मग समोरही तीच घाला.

"दोन्ही कडक असल्या की एकमेकींना खातात," मी म्हटलं.

नवरा हळूच म्हणाला, "माहितीये."

*

शालनची टोपी शाळेत गाजली. मोठ्या पोरांनी लोहचुंबक लावून पाहिला, तो चिकटेना. बबनराव डबा हातात घेऊन थेट ड्यूटीवरून आले. "बाई, शेवटी टोपी घातलीच म्हनायची. ह्ये लोखंड न्हाई."

मी समजावलं, या जातीच्या स्टीलला चुंबक धरत नाही. खात्री पटावी म्हणून त्यांच्या स्टीलच्या डब्याला चुंबक लावून दाखवला. तोही चिकटला नाही.

बबनराव डब्याकडे बघतच राहिले. "म्हंजी डब्यातबी फसलो."

*

शालनच्या वर्गातली एक मैत्रीण आईला ओढत घेऊन आली. सगळे दात मोत्यासारखे. मी म्हटलं, अगं, तुला काहीच झालेलं नाही.

"मंग काय झालं तर घालाल?" असं विचारून ती समोरच्या दुकानात चिक्की घ्यायला गेली.

*

शालन मात्र येत राहिली. ती 'आ' करायची, आणि मी दातांवर दात दाबून आधी वरची दाढ बघायची. तोंडात दाढ नीट कुठे दिसते? नाही झिजली असं वाटायचं, आणि घरी गेल्यावर तेच वाटेनासं व्हायचं. चार-पाच वर्षं अशीच गेली.

एक दिवस हिराबाई पदराची गाठ सोडतच आत आल्या. "वरची पडली बगा. कौलावर टाकायची हाय, म्हंजी नवी चांगली यील. पर आदी तुमी बगा."

मी उजेडात धरली. दाढेची सगळी टोकं जागच्या जागी होती. मला इतकं हलकं वाटलं, की मी हिराबाईंचे हातच धरले. त्या नुसत्या हसल्या. परत द्यायच्या बोलीवर दाढ मागून घेतली आणि पुण्याला सरांसमोर ठेवली.

सरांनी भिंगातून उलटसुलट पाहिली आणि मान डोलावली. मी सुटकेनं खदखदून हसले. उघडं तोंड दिसलं की आरसा घालायचा, ही सरांची जन्माची सवय. बराच वेळ ते माझ्या तोंडात बघत राहिले.

"पोरीची दाढ शाबूत आहे," सर म्हणाले. "झिजल्यात त्या तुझ्या."