डीटरला घेऊन बेळगावला

बेळगावला गाडी घेऊन जावं का, असं तुमच्यातले बरेच जण विचारत असतात. जावं की. कोल्हापुरातून शंभरेक किलोमीटरचा रस्ता, मध्ये तवंदीचा घाट, पोचल्यावर कुंदा, बेळगावची ती खव्याची मिठाई. या वेळी मी गेले ते मात्र फिरायला नव्हे, दुभाषी म्हणून, आणि परत आले तेव्हा कुंद्याचा डबा दोन दिवस उघडावासाही वाटला नाही.

झालं असं की अण्णाचा फोन आला. अण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आमचं घर मूळ निपाणीचं, तंबाखूच्या व्यापारातलं. अण्णानं तो धंदा सोडला आणि बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्री टाकली. ट्रकच्या ब्रेकला लागणारा एक लोखंडी भाग तिथं ओतला जातो आणि जवळजवळ सगळा माल जर्मनीतल्या एकाच कंपनीला जातो. साठेक माणसांची घरं त्या एका गिऱ्हाइकावर चालतात.

"डीटर येतोय गं," अण्णा म्हणाला. डीटर त्या कंपनीचा खरेदीचा माणूस. "आजवर नुसता फोनवर बघितलाय. करार वाढवायला सोता येतोय म्हंजे कायतरी मोठंच असणार. बेळगावच्या इमानाचं तिकीट मिळंना त्याला, कोल्हापुरात उतरतोय. तू आण त्याला. जर्मनचे क्लास घेतीस न्हवं?"

घेते. आणि भटकायला निमित्त मिळालं की मी मागं-पुढं बघत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

डीटर साठीच्या आसपासचा, उंच, वाकून चालणारा. सकाळी हॉटेलवरून त्याला उचललं तर मिसळ नको म्हणाला, चहाही अर्धाच प्यायला. मला वाटलं प्रवासानं पोट बिघडलं असेल. कागलपर्यंत सहापदरीचं काम चालू आहे, ठिकठिकाणी रस्ता वळवलाय आणि धूळ इतकी की काचा वरच ठेवा. कोगनोळीला आणि पुढं हत्तरगीला टोल आहे, फास्टॅगमध्ये जाऊन-येऊनचे पाचेकशे असू द्यात.

कागलच्या पुढं पाहिलं तर एसट्या माघारी वळत होत्या. सीमावादावरून आदल्या दिवशी तिकडं कर्नाटकात कुणी एका बसला काळं फासलं, म्हणून इकडं कुणी दुसऱ्या बसला फासलं, आणि दोन्हीकडच्या गाड्या बंद. माणसं बोचकी-पिशव्या घेऊन हद्दीवरच्या दूधगंगेच्या पुलाकडं चालत निघालेली. त्यातल्या एका आक्कांनी हात केला, निपाणीपर्यंत सोडता का म्हणाल्या. त्यांना मागं बसवलं. पुलापलीकडं पोलिसानं माझी कोल्हापूरची नंबरप्लेट बघून कन्नडात विचारलं, मी कन्नडात सांगितलं, त्यानं गोऱ्या पाहुण्याकडं एकदा पाहिलं आणि जा म्हणाला.

डीटरनं विचारलं, ही तर एकाच देशातली दोन राज्यं ना? मी हो म्हटलं. आक्कांना कुतूहल, पाहुणा काय म्हणतोय.

मग डीटर पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला. त्याचं गाव ऱ्हाईनच्या काठावर. नदीपलीकडं फ्रान्स. लहानपणी पुलावर चौकी होती, वडील ओळखपत्र दाखवायचे. पुढं चौकी गेली आणि ट्राम सुरू झाली. भाजी आणायला लोक दुसऱ्या देशात जाऊ लागले. आता ओळखपत्रं तपासायला पुन्हा ट्राममध्ये पोलीस चढतात. "आणि माझा मुलगा म्हणतो, बरं झालं," डीटर म्हणाला. "त्याची नोकरी गेली. त्याला वाटतं युरोप मोडला तर ती परत मिळेल. युरोप मोडा म्हणणाऱ्यांनाच मत देतो तो. जेवताना आम्ही हा विषय काढत नाही."

मी हे आक्कांना मराठीत सांगितलं.

"म्हंजे पुसलेली रेघ परत मारत्यात व्हय?" त्यांनी विचारलं. "आमच्या सायबांनी तर जनमभर सांगितलं, युरोपात बघा, रेघा कशा पुसल्या, युरोपात बघा." हे साहेब म्हणजे त्यांचे यजमान, बेळगावजवळच्या कडोलीकडं शाळेत मास्तर होते, गेल्या वर्षी वारले. निपाणीच्या नाक्यावर उतरताना त्यांनी डीटरला नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "त्यास्नी म्हणावं, पोराशी बोलणं टाकू नगा." मी त्याचं भाषांतर केलं.

तवंदी घाटाच्या माथ्यावर चहाला थांबलो. इथून खाली निपाणीचं शिवार दिसतं, फोटो छान येतात, मी काढले नाहीत. कारण कप हातात घेतल्या-घेतल्या डीटरनं सांगितलं की करार वाढणार नाही. तो संपवायलाच तो आलाय. तिकडं ट्रकच विकले जात नाहीत, विजेचं बिल परवडत नाही, त्यांचा स्वतःचा कारखाना वर्षअखेर बंद होतोय. त्यात बाहेरून येणाऱ्या लोखंडावर युरोपनं धुराचा, म्हणजे कार्बनचा, नवा कर बसवलाय, तो कुणी भरायचा यावर महिनोन्महिने वाद. "हे पडद्यावर सांगायचं नव्हतं," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुमच्या भावानं एकही खेप उशिरा पाठवली नाही. मीही नाताळनंतर घरीच आहे."

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली. अण्णाला एकट्याला गाठून सांगा, एवढंच मी बजावलं. अण्णाला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं, वंटमुरीचा उतार संपून काकती आली तरी उचलेना. तो कशात गुंतला होता ते पोचल्यावर कळलं.

फाउंड्रीच्या फाटकावर हलगी वाजत होती. भला मोठा फ्लेक्स, वर कन्नडात, खाली मराठीत आणि इंग्रजीत स्वागत, डीटरचा फोनवरून काढलेला धुरकट फोटो, एका बाजूला तिरंगा आणि दुसऱ्या बाजूला युरोपचा निळा, चांदण्यांचा झेंडा. कामगार धुतलेले कपडे घालून रांगेत उभे. गाडीचं दार उघडायच्या आत वहिनी आरतीचं ताट घेऊन पुढं. मी "अण्णा, जरा इकडं ये" म्हणेपर्यंत डीटरच्या डोक्यावर फेटा बांधून झाला होता. आपल्याकडं पाहुण्याचा सत्कार आधी आणि काम मागनं. माणूस काय बोलायला आलाय हे विचारायच्या आत आपण त्याला शाल पांघरतो. त्या दिवशी मला या रिवाजाची चीड आली.

सत्कार झाल्यावर अण्णानं त्याला हाताला धरून शेडच्या मागं नेलं. तिथं सिमेंटचा ताजा चौथरा होता, हळदकुंकू वाहिलेला. अण्णानं माझ्याकडं बघितलं. "सांग त्याला, दुसरी भट्टी बसवतोय. त्याच्या हातानं नारळ फुटू दे."

मी सांगितलं. नारळ हातात घेऊन डीटरनं विचारलं, हा फोडला म्हणजे काय होतं? मी म्हटलं, काम सुरू होतं.

त्यानं फेटा काढला, चौथऱ्याच्या कडेला ठेवला, आणि नारळ अण्णाच्या हातात परत दिला. "मला हे करता येणार नाही," तो जर्मनमध्ये म्हणाला. "कृपा करून सांगा."

साठ माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. पाहुणे दमलेत, असं काहीतरी खोटं माझ्या जिभेवर आलं होतं. मग मी अण्णाजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "अण्णा, भट्टी नको बसवू. करार संपला."

अण्णाचा चेहरा मी विसरणार नाही. त्यानं नारळ वहिनींच्या हातात दिला आणि कामगारांकडं वळून म्हणाला, "पाव्हण्यांनी वाईट बातमी आणलीय. जेवल्यावर सांगतो. अन्न तयार हाय, आधी बसा समदी." डीटरला त्यानं स्वतःच्या शेजारी पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढलं. मांडे केले होते. कुणीही नीट जेवलं नाही. नंतर अण्णा उभा राहिला आणि एका वाक्यात सांगून टाकलं. मागनं कुणी तरी विचारलं, "आमचं चुकलं काय?" मी भाषांतर केलं. डीटर म्हणाला, नाही, तुमचं काहीच चुकलं नाही. त्यानं कुणाला धीर आला असं मला दिसलं नाही.

संध्याकाळी डीटरला बेळगावच्या हॉटेलवर सोडलं आणि एकटी परतले. येताना कुंदा घेतला, सवयीनं. पुलावर तेव्हाही माणसं चालत होती.

याला तीनेक आठवडे झाले. अण्णानं भट्टी आठवड्यातून तीनच दिवस लावायला घेतलीय. उचगाव-कडोलीकडं ज्यांची शेती आहे त्यांना आधी घरी बसवलं. ज्यांना काहीच नाही ते राहिलेत, तेही किती दिवस, ठाऊक नाही. तुम्ही जाणार असाल तर बस सुरू झाल्यात, रस्ता तसाच आहे.

परवा अण्णाचा फोन आला. "माझ्याकडची चार पोरं तुझ्या क्लासला धाडतो. भाषा शिकव. तिकडं कामाला माणसं लागत्यात म्हणं."

माझ्या क्लासच्या जाहिरातीत मी हेच छापते. तरी त्याच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, "अण्णा, डीटरचं ऐकलंस ना? तिकडं त्यांच्याच पोरांना काम नाही."

"मग हितं हाय व्हय?" अण्णा म्हणाला.

पोरं सोमवारपासून येतायत.