साल्झबर्गच्या पायरीवरची पेटी

भोंऽऽऽ!

हा आवाज अजून माझ्या कानात आहे. आमचा कोच, म्हणजे ट्रिपची बस, डोव्हर बंदराकडे निघाला होता आणि प्रत्येक खड्ड्याला सामानाच्या कप्प्यातून भोंऽऽऽ! ड्रायव्हर टेरीने तीनदा गाडी थांबवून इंजिन उघडलं. शेवटी मी म्हणालो, "टेरी, इंजिन नाही रे. नानाची पेटी आहे."

ऐंशीच्या दशकातली ती लंडनच्या हाउन्सलो भागातल्या मराठी मंडळींची ट्रिप. तिचे किस्से इतके साठलेत की घरी कोणी चहाला आलं, की एखादा बाहेर पडतोच. मी फारसा बोलणारा नाही. एअरपोर्टवर बॅगा उचलण्यात माझा जन्म गेला. नाना साठेचाही.

नानाची बोटं आखडत चालली होती. आमचे डॉक्टर कर्णिक त्याला म्हणाले होते, "नाना, अजून वर्षभर वाजवाल. पुढचं सांगत नाही." तेव्हा नानाने ठरवलं, संगीताच्या गावात, साल्झबर्गला, एकदा पेटी वाजवायची. "तिथल्या एका माणसाने ऐकलं तरी पुरे रे!"

* * *

ऑस्ट्रियाच्या हद्दीवर कस्टमवाल्याने पेटीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी जर्मन वाक्यांचं पुस्तक काढलं. त्यात पेटी नव्हतीच. "माझी सुटकेस हरवली आहे" हे वाक्य मात्र होतं. डॉक्टरांनी तेच खणखणीत वाचलं!

कस्टमवाल्याने हरवलेल्या सुटकेसची रीतसर तक्रार लिहून घेतली. तिचा रंगही विचारला. डॉक्टरांनी "तपकिरी" असं सांगितलं!

"वाजवून दाखवू का?" नानाने खुणेने विचारलं. कस्टमवाल्याने हात झटकून गाडी पुढे काढायला लावली.

"एक गेला," नाना म्हणाला.

* * *

साल्झबर्ग म्हणजे सगळीकडे घुमट, सोनेरी देवदूत आणि घंटा. तिथल्या थोर संगीतकाराच्या घरात त्याचा जुना पियानो दोरीआड ठेवला होता. नानाच्या बायकोने, नलूवहिनींनी, पर्समधून करंडा काढला आणि दोरीच्या खांबाला हळदकुंकू लावलं.

गार्ड धावत आला. वहिनींनी त्यालाही लावलं!

"अगं, काय हे!" नाना ओरडला.

"दसऱ्याला तुमच्या पेटीला लावते ना? मग याने काय पाप केलंय?"

नानाने गार्डला विचारलं, "इथे वाजवू?" कपाळावर कुंकू घेऊन गार्डने ठाम नकार दिला.

"दोन गेले."

* * *

मग कॅथीड्रल. देवाचं घर म्हटल्यावर आम्ही चाळीस जणांनी पायरीवर चपला-बूट काढले. मागून जपानी टूरिस्ट आले. त्यांना वाटलं, इथली हीच पद्धत. त्यांनीही काढले! त्यांच्यामागून आलेला एक अमेरिकन तर मोजेसुद्धा काढायला लागला.

एवढ्यात मिशीवाला म्हातारा दारवान किल्ल्या खुळखुळवत बाहेर आला. लालबुंद! बुटांच्या रांगांकडे बघून तो जे बोलला, ते डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हतं. दोन्ही हातांनी बूट उचलून तो आमच्याकडे द्यायला लागला. ज्याच्या हाती जे आलं ते त्याने घातलं. मी संध्याकाळपर्यंत कोणा बाईंचे बूट घालून फिरलो.

त्याला पेटी दाखवायची नानाची हिंमतच झाली नाही.

* * *

शेवटच्या दिवशी कोच सुटायला अर्धा तास होता. नाना त्याच पायरीवर बसला. पेटीला बसताना पायात काही घालायचं नाही, हा त्याचा नेम. बूट काढून बाजूला ठेवले आणि भैरवी सुरू केली. करंगळी मधूनच अडकायची.

लोक जात-येत होते. कोणी थांबेना. एका बाईने नानाला जरा सरकायला सांगून मागच्या खांबाचा फोटो काढला.

तिकडे टेरी हॉर्न वाजवायला लागला. "बास कर नाना," मी म्हणालो.

"जरा थांब रे."

तेवढ्यात किल्ल्या खुळखुळल्या. तोच दारवान! मी नानाचे बूट उचलायला वाकलो.

दारवानाने हाताने मला थांबवलं. नानाच्या बोटांकडे बघितलं. मग पायरीवर बसला, सावकाश आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि आपले बूट नानाच्या बुटांशेजारी एका रेषेत ठेवले. मोज्यांवर उभा राहिला.

नानाने भैरवी पूर्ण केली.

दारवानाने बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि आत निघून गेला.